गाव कोणतं टाकू, ताई? : ई-मेल फॉर्ममधल्या ड्रॉपडाउन याद्यांचं एक प्रकरण

२०१६ च्या खरिपात आमच्या यवतमाळच्या कार्यालयात दर सोमवारी सहा केंद्रांवरून कापसावरच्या कीड-पाहणीचे ई-मेल यायचे आणि माझा मंगळवार ते वाचून एक्सेलमध्ये उतरवण्यात जायचा. मजकूर साधारण असा असे: 'वडकी भागात तुडतुडे जास्त, बोंडअळी थोडी, दोन वावरांत लाल्या.' थोडी म्हणजे किती? भागात म्हणजे नेमकं कोणत्या गावात? मग फोन लावायचा. क्षेत्र सहायक तोवर दुसऱ्याच गावच्या धुऱ्यावर पोचलेला, रेंज नाही. संध्याकाळी फोन लागला तर त्याला आठवत नसे, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. आठवडाभर वावरामागून वावर पाहणाऱ्या माणसानं किती ध्यानात ठेवायचं?

अहवाल पुढे इंग्रजीतून जायचा, म्हणून गावांची नावंही रोमन अक्षरांत लिहायची पद्धत होती. एकट्या वडकीची माझ्याकडे चार स्पेलिंगं जमली होती. कोणी डब्ल्यूनं सुरुवात करी, कोणी व्हीनं, कोणाचा मधला 'ए' गळालेला असे. एक्सेलच्या लेखी ही चार वेगळी गावं. पांढरकवड्याची गत आणखी निराळी. शहर पांढरकवडा, पण तालुक्याचं नाव केळापूर. तालुक्याच्या रकान्यात कोणी हे लिही, कोणी ते, आणि एक जण नुसतं 'पीकेडी'.

हे सगळं नीट लागणं गरजेचं होतं, कारण मंगळवारच्या तक्त्यावरून बुधवारी त्या-त्या गावच्या आमच्या संस्थेच्या सभासद शेतकऱ्यांना मोबाइलवर सल्ल्याचा संदेश जायचा. गाव चुकलं की सल्ला चुकीच्या कास्तकाराला. ज्याच्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, काही नाही तो फवारणी करणार आणि ज्याच्या आहे तो वाट पाहत बसणार.

म्हणून २०१७ च्या जूनमध्ये आम्ही मोकळ्या ई-मेलच्या जागी आउटलुक या ई-मेलच्या प्रोग्रॅममधला, ड्रॉपडाउन म्हणजे क्लिक केल्यावर खाली उघडणाऱ्या याद्या असलेला फॉर्म बसवला. दोन खरीप तो चालला. फॉर्म एका दिवसात तयार झाला. याद्या मार्गी लागायला ते दोन्ही हंगाम लागले, म्हणून मी बटणांबद्दल थोडं आणि याद्यांबद्दल जास्त लिहिणार आहे.

ई-मेलच का

वेबवर फॉर्म भरून घेणं सोपं, असं तेव्हाही सगळे सांगत होते. पण आमची केंद्रं घाटंजी, मारेगाव, झरी-जामणीकडची. डोंगलला रेंज आली तर आली. वेबचा फॉर्म भरता भरता नेट गेलं की भरलेलं गेलं. आउटलुकचं तसं नाही. फॉर्म लॅपटॉपवरच उघडतो, तिथेच भरला जातो, 'सेंड' दाबलं की आउटबॉक्समध्ये जाऊन बसतो आणि रेंज येईल तेव्हा आपोआप निघतो. शिवाय सहाही केंद्रांचे पत्ते संस्थेच्या एकाच एक्स्चेंज या ई-मेल सर्व्हरवर होते. ही गोष्ट फार महत्त्वाची होती. आउटलुकचे सानुकूल, म्हणजे आपण बनवलेले, फॉर्म एकाच सर्व्हरवरच्या, विंडोजवर आउटलुक वापरणाऱ्या लोकांमध्येच धड चालतात. बाहेरच्या पत्त्यावर, मोबाइलवर किंवा ब्राउझरमधल्या आउटलुकवर तो फॉर्म फॉर्म राहत नाही, साधा ई-मेल होतो आणि रकाने दिसत नाहीत. विंडोजसाठी जे नवं आउटलुक आता येतं त्यातही हे फॉर्म चालत नाहीत. आज कोणी नव्यानं सुरुवात करणार असेल तर त्यानं आधी हे पाहून घ्यावं. यादी कशी करावी हा प्रश्न मात्र साधन कुठलंही घेतलं तरी तोच राहतो.

ई-मेलच्या मजकुरातच एचटीएमएलची यादी घालून पाठवायचाही एक प्रयत्न मी केला होता. विंडोजवरचं आउटलुक २००७ पासून ई-मेलचा मजकूर वर्डच्या इंजिनानं दाखवतं आणि त्यात तसली यादी उघडतच नाही. तासाभरात तो नाद सोडला.

फॉर्मची बांधणी

आउटलुकमध्ये फॉर्म बनवायची सोय मुळातच असते, फक्त झाकलेली. फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन असं जाऊन 'डेव्हलपर'पुढे टिक केली की वर तो टॅब येतो. त्यातून 'डिझाइन अ फॉर्म', मग 'मेसेज'. समोर नेहमीचा कोरा ई-मेल उघडतो आणि त्याच्या मागे पी.२ ते पी.६ अशी पाच कोरी पानं असतात. कंट्रोल टूलबॉक्समधून कॉम्बोबॉक्स, म्हणजे यादीची चौकट, ओढून पानावर ठेवायचा, त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायच्या आणि व्हॅल्यू टॅबवर जायचं. खरं काम तिथे आहे.

त्या टॅबवर 'पॉसिबल व्हॅल्यूज'ची चौकट असते. यादीतली नावं तिथे अर्धविराम देऊन लिहायची, स्वल्पविराम नाही. त्याच टॅबवर यादीचा प्रकार निवडायचा असतो, ड्रॉपडाउन किंवा ड्रॉपलिस्ट. नावं सारखी वाटतात, पण फरक मोठा आहे. ड्रॉपडाउनमध्ये यादीतून निवडताही येतं आणि मनानं टाइपही करता येतं. ड्रॉपलिस्टमध्ये फक्त यादीतलंच घेता येतं. मी पहिल्यांदा ड्रॉपडाउन ठेवलं, आणि पहिल्याच सोमवारी वडकीचं पाचवं स्पेलिंग आलं.

दुसरी गोष्ट याहून मोठी. कॉम्बोबॉक्स हा नुसता डबा आहे. त्यातली निवड ई-मेलसोबत जायची असेल तर डबा एखाद्या फील्डला, म्हणजे माहिती साठवणाऱ्या रकान्याला, बांधावा लागतो. व्हॅल्यू टॅबवरच वर 'न्यू' किंवा 'चूझ फील्ड' असतं, तिथून टेक्स्ट प्रकारचं नवं फील्ड तयार करून जोडायचं. हे केलं नाही तरी फॉर्म दिसायला अगदी तसाच दिसतो. यादी उघडते, निवड होते, ई-मेल जातो, आणि पलीकडे डबा रिकामा. माझ्या पहिल्या फॉर्ममधले दोन डबे असे बिनफील्डचे राहिले होते. केंद्रावरचा माणूस शपथेवर सांगत होता की मी भरलं, आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. दोघंही खरंच बोलत होतो.

तिसरी अडचण माझ्याच एका निर्णयातून आली. मागचं पान कोणी उघडणार नाही, या भीतीनं मी याद्या पी.२ वर न ठेवता ई-मेलच्या पहिल्या पानावरच ठेवल्या. त्या पानाची लिहिण्याची मांडणी वेगळी आणि वाचण्याची वेगळी असते. मी लिहिण्याच्या बाजूवर डबे ठेवले आणि वाचण्याची बाजू उघडूनही पाहिली नाही, म्हणून आलेल्या ई-मेलमध्ये मला ते डबे दिसतच नव्हते. 'एडिट रीड पेज' दाबून तेच डबे तिथेही चिकटवावे लागतात. ते केल्यावर दिसायला लागलं.

फॉर्म तयार झाला की तो 'पब्लिश' करावा लागतो. संस्थेच्या सामाईक फॉर्म लायब्ररीत टाकायला मुख्यालयाच्या संगणक विभागाची परवानगी लागत होती आणि ती यायला वेळ होता. म्हणून मी फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि एसटीनं एकेका केंद्रावर जाऊन तिथल्या लॅपटॉपवर पर्सनल फॉर्म्स लायब्ररीत बसवली. पाटणबोरीला जाऊन परतायला पूर्ण दिवस गेला. पण त्या फेऱ्यांमध्ये मी क्षेत्र सहायकांच्या शेजारी बसून त्यांना फॉर्म भरताना पाहिलं, आणि पुढे जे काही सुधारलं ते त्यातूनच सुधारलं.

या कामात पडणाऱ्यासाठी आणखी एक. फॉर्म बदलून त्याच नावानं पुन्हा पब्लिश केला तरी एखाद्या लॅपटॉपवर जुनाच उघडत राहतो, कारण आउटलुक फॉर्मची प्रत स्वतःकडे साठवून ठेवतं. ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, कस्टम फॉर्म्स, मॅनेज फॉर्म्स इथे 'क्लिअर कॅश' आहे, ते दाबायचं. मारेगावला मी 'फॉर्म बिघडला' म्हणून दोनदा गेले, बिघाड एवढाच होता.

आलेल्या ई-मेलवरून तक्ता करणं मात्र फार सोपं झालं. इनबॉक्सच्या एका फोल्डरमध्ये हीच फील्डं रकाने म्हणून लावली, तालुक्याप्रमाणे गट पाडले, सगळे ई-मेल निवडून कॉपी केले आणि एक्सेलमध्ये पेस्ट केले की झालं. आउटलुकच्या एक्स्पोर्टच्या खिडकीतून जाऊ नये, तिथे आपण बनवलेली फील्डं येत नाहीत. माझा मंगळवार दहा मिनिटांवर आला.

किडींची यादी

पहिली यादी मी कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेतून उचलली होती. तुडतुडे, मावा, फुलकिडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आणि शेवटी बोंडअळी. शास्त्रानुसार अगदी बरोबर, पण दोन जागी चुकली.

एक म्हणजे बोंडअळी हे एकच नाव. बोंडअळ्या तीन आहेत, हिरवी म्हणजे अमेरिकन, ठिपक्यांची आणि गुलाबी. बीजी-२ हे बोंडअळीला रोखणारं बीटी कापसाचं वाण २००६ मध्ये आलं तेव्हा तिन्ही आटोक्यात होत्या, पण २०१७ पर्यंत गुलाबी अळी त्या वाणाला दाद देईनाशी झाली होती. हिरवी अळी बोंड बाहेरून पोखरते, तिची भोकं आणि विष्ठा दिसते. गुलाबी आत राहते, बोंड फोडल्याशिवाय कळत नाही. 'बोंडअळी थोडी' या दोन शब्दांत हे सगळं बुडून जात होतं. माझ्या यादीतही बुडत होतं.

दुसरं, 'डोमकळी' यादीत नव्हतीच. घाटंजीच्या आमच्या सर्वांत जुन्या क्षेत्र सहायकांच्या शेजारी बसले तेव्हा ते यादी वर-खाली करत होते.

"काय शोधताय भाऊ?"

"डोमकळी दिसली ना ताई काल पारव्याकडं. तुमच्या यादीत तं नाई सापडून राह्यली."

"ती कीड नाही ना पण. गुलाबी अळीचं लक्षण आहे."

"मले तं तेच दिसते. अळी मंग दिसते."

ते खरं होतं. गुलाबी अळी फुलात शिरली की पाकळ्या आतून जाळ्यानं चिकटतात, फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. तीच डोमकळी. हंगामात अळीचा सगळ्यात आधी मिळणारा, फवाऱ्याआधी हातानं तोडून नष्ट करता येणारा पुरावा तो. मी 'अळी दिसली का' विचारत होते आणि उत्तर देणाऱ्याकडे त्याहून मोलाची, आधीची माहिती होती. तिला जागाच नव्हती. त्या दिवशी यादीत 'डोमकळी' वेगळी गेली, बोंडअळीच्या तीन ओळी झाल्या, आणि 'लाल्या', म्हणजे पानं लाल पडणं, ही कीड नव्हे म्हणून ती लक्षणांच्या दुसऱ्या यादीत गेली.

एका वावरात एकाच वेळी दोन-तीन किडी असतात आणि कॉम्बोबॉक्समध्ये एकच निवडता येते. त्यासाठी लिस्टबॉक्स घ्यायचा आणि त्याचं फील्ड टेक्स्टऐवजी कीवर्ड्स प्रकारचं करायचं. मग प्रत्येक नावापुढे टिक करायची चौकट येते. ही युक्ती सापडेपर्यंत आमची माणसं एका वावराचे तीन-तीन ई-मेल पाठवत होती आणि कधी तक्रारही करत नव्हती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी 'इतर' ठेवलं आणि त्याच्या शेजारी लिहायला मोकळी चौकट. 'इतर' ठेवलं की लोक आळसानं तेच निवडतात असं म्हणतात. मला तसं दिसलं नाही. 'इतर'मध्ये जे येई ते यादीत नसलेलं असे. दर सोमवारी मी आधी तो रकाना वाचायची आणि एकच गोष्ट तिसऱ्यांदा आली की ती यादीत घ्यायची. पहिल्या महिन्यात रकाना भरलेला असे, पोळ्यापर्यंत जवळजवळ रिकामा झाला होता.

आकड्यांच्या जागी यादी नको

गुलाबी अळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधानं नर पतंगांना ओढणारे सापळे, लावतात. सापळ्यात दर रात्री सरासरी ८ नर पतंग सलग तीन रात्री सापडले, तर उपाय करायची वेळ आली असं कापूस शास्त्रज्ञ सांगतात. फुलं आणि बोंडांच्या बाबतीत ती पातळी १० टक्के नुकसानीची आहे. मी पतंगांसाठी अशी यादी केली होती: ० ते ५, ५ ते १०, १० ते १५, १५ पेक्षा जास्त. पाच आले तर कुठे टाकायचं, हा एक घोळ. खरा घोळ असा की ८ ही निर्णयाची रेघ माझ्या '५ ते १०'च्या पोटात होती. सहा पतंगवाला आणि नऊ पतंगवाला एकाच ओळीत बसत होते, एकाला सांगायचं थांब आणि एकाला सांगायचं लाग. तक्ता सुरेख दिसत होता आणि सल्ला देण्यापुरता निकामी होता.

यादी काढून टाकली, साधी चौकट ठेवली, आकडा लिहा म्हटलं. जे मोजून येतं त्याला यादी लावू नये. लावायचीच असेल तर खाचा निर्णयाच्या रेघेवर पडल्या पाहिजेत.

त्याच चौकटीत, केंद्रावरच्या माणसाचा एक आकडा वाचावा म्हणून, मी सुरुवातीची किंमत शून्य ठेवली होती. व्हॅल्यू टॅबवर तशी सोय असते. पुढच्या सोमवारी जवळपास सगळीकडे शून्य आले. काही खरे होते, काही कोणी हातही न लावलेले, आणि कुठलं कोणतं ते सांगायला मार्ग नव्हता. सुरुवातीची किंमत काढली, आणि व्हॅलिडेशन टॅबवर 'किंमत आवश्यक'वर टिक केली. आता भरल्याशिवाय ई-मेल जात नव्हता.

त्यावर वणीकडच्या एका तरुण सहायकाचा फोन आला. "ताई, त्या वावरात चिखल लय होता, जाता नाई आलं. फॉर्म तं सोडून नाई राह्यला. मी शून्य टाकू का?"

"टाकू नको. न पाहता शून्य कसं टाकणार?"

"मंग पाह्यलं नाई, हे टाकाले जागा कुठी हाये?"

जागा नव्हतीच. 'आढळली नाही' आणि 'पाहणी झाली नाही' या दोन ओळी प्रत्येक यादीच्या डोक्यावर बसल्या त्या या फोनमुळे. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची दुरुस्ती हीच.

सप्टेंबर २०१७

गावांच्या यादीसाठी मी फॉर्मच्या मागे थोडी व्हीबीस्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली होती. तालुका निवडला की खालच्या यादीत त्याच तालुक्याची गावं येत. सगळ्यांना ते आवडलं होतं. १२ सप्टेंबर २०१७ च्या आउटलुक सुरक्षा अपडेटपासून सानुकूल फॉर्ममधली स्क्रिप्ट मुळातच बंद ठेवली जाऊ लागली. ती चालू करायची तर प्रत्येक यंत्राच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, नोंद करून तो फॉर्म विश्वासाचा म्हणून नोंदवावा लागतो. ई-मेलमधून आलेल्या फॉर्मनं आपल्या यंत्रावर आपसूक काही चालवणं धोक्याचं आहे, त्यामुळे तो निर्णय मला योग्यच वाटतो. पण आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

लॅपटॉप जसजसे नेटला लागले तसतसे अपडेट झाले. तालुका निवडला तरी गावाची यादी रिकामीच. ती यादी ड्रॉपलिस्ट, म्हणजे टाइप करता येत नाही. वर ती आवश्यक, म्हणजे भरल्याशिवाय जात नाही. भरता येईना आणि पाठवताही येईना. मीच मागे लागून बसवलेल्या दोन कड्यांमध्ये माणसं अडकली.

तो काळही असा होता की एक दिवस गमावणं परवडणारं नव्हतं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणसाच्या उंचीच्या पऱ्हाटीत शिरून, वर तोंड करून, मिसळलेली औषधं फवारत होते लोक. कुठे काय फवारलं, कोणाला त्रास झाला, हे आम्हाला तातडीनं हवं होतं, आणि दोन सोमवार आमचा फॉर्म बंद होता. केंद्रांनी मोकळे ई-मेल पाठवले, फोन केले, आणि मी पुन्हा रात्री बसून उतरवत राहिले.

मुख्यालयाच्या संगणक विभागानं रजिस्ट्री बदलायला नकार दिला. मग मी शांतपणे विचार केला की ही दोन पायऱ्यांची यादी हवी तरी कोणाला होती? घाटंजीच्या लॅपटॉपवर राळेगावचं गाव कोणी कधीच निवडत नव्हतं. सहाही तालुक्यांची गावं एका फॉर्ममध्ये हवीत ही माझ्या कार्यालयाची सोय होती, केंद्राची गरज नव्हती. सहा फॉर्म केले, प्रत्येकात त्या केंद्राचीच गावं 'पॉसिबल व्हॅल्यूज'मध्ये सरळ लिहिली, तालुका आधीच भरून ठेवला. फील्डांची नावं सहाही फॉर्ममध्ये अक्षराला अक्षर तीच ठेवली, म्हणून तक्ता आपोआप एकच झाला. स्क्रिप्टची एक ओळही उरली नाही. एखादं गाव वाढवायचं तर त्या केंद्राचा फॉर्म पुन्हा पब्लिश करावा लागे, इतकाच भुर्दंड.

रीठ

गावांचा मूळ प्रश्न यानं सुटला नाही. त्याची सुरुवात राळेगावच्या फोनपासून झाली होती.

"ताई, माहा कास्तकार राह्यते वडकीले. वावर हाये रिठीत. गाव कोणतं टाकू?"

विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्याकडे पटवाऱ्याच्या दप्तरात बरीच अशी गावं आहेत ज्यांत आता एकही घर नाही. कधीकाळी वस्ती उठली, पण मौजा कायम राहिला. सात-बारावर त्याचं नाव चालतं, शिवार आहे, पीक आहे, राहणारं कोणी नाही. याला रीठ म्हणतात. तिथलं वावर आजूबाजूच्या दोन-चार गावांतले लोक कसतात.

माझी पहिली यादी सभासदांच्या पत्त्यांवरून केलेली होती, म्हणून तिच्यात रीठ गावं नव्हती. ती हवीत म्हटल्यावर महसुली यादीतून सगळे मौजे घेतले, तर आता रीठ होती पण 'गाव' या शब्दाचा अर्थच दुभंगला. कोणी राहतं गाव टाके, कोणी वावराचा मौजा. धानोरा, पिंपरी, सावंगी असली नावं तर विदर्भात जागोजागी. त्यात खुर्द आणि बुद्रुक. बोलताना दोघांनाही लोक नुसतं मूळ नाव घेतात, पुढचं शेपूट फक्त कागदावर.

२०१८ च्या मेमध्ये, पेरणीआधी, मी सहाही केंद्रांवर एकेक दिवस बसले. हातात महसुली यादी आणि एक वही. प्रत्येक मौजापुढे दोन गोष्टी विचारल्या: तुम्ही याला बोलताना काय म्हणता, आणि इथे वावर कोणाकोणाचं, ते लोक राहतात कुठे. चहा पीत दोन-तीन जण मिळून सांगत, एकमेकांना दुरुस्त करत. "नाई बे, ते रीठ नाई, तिथी दोन घरं हायेत अजून." कोणत्याही दप्तरात अशी यादी मिळाली नसती.

मग फॉर्मवर एका प्रश्नाचे दोन झाले. 'कास्तकार कुठे राहतो' आणि 'वावर कोणत्या मौजात'. यादीत नाव बोलीतलं आधी आणि दप्तरातलं नंतर, रीठ असेल तर पुढे तसं लिहिलेलं. सभासदांच्या नोंदीतही सात-बारावरून वावराचा मौजा घातला. ते काम जून संपेपर्यंत चाललं, आणि कंटाळवाणं होतं.

ऑगस्ट २०१८ मधल्या एका सोमवारी राळेगावच्या फॉर्ममधून तीन वेगवेगळ्या गावांत राहणाऱ्या तीन कास्तकारांच्या नोंदी आल्या. तिघांच्याही सापळ्यांत तीन रात्री आठाच्या वर पतंग, दोघांकडे डोमकळी. राहत्या गावाप्रमाणे गट पाडले असते तर तीन गावांत एकेक सुटी नोंद दिसली असती आणि मी कदाचित पुढच्या आठवड्यापर्यंत थांबले असते. मौजाप्रमाणे गट पाडला, तर तिन्ही वावरं एकाच रिठीच्या शिवारातली, एकमेकांच्या धुऱ्याला लागून होती. डोमकळ्या तोडून नष्ट करा, सापळे रोज मोजा, असा संदेश बुधवारची वाट न पाहता त्याच संध्याकाळी त्या शिवारात वावर असलेल्या प्रत्येक सभासदाला गेला, मग तो राहायला कुठेही असो.